पोर्तुगीज पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि गोव्यातले मत

चतुर्थीला परदेशातून गावी आलेल्या माणसाला मतदार यादीत आपले नाव अजून दिसते. कपाटात जुने मतदार ओळखपत्रही सापडते. मग प्रश्न येतो: मत घालता येईल का? याचे उत्तर यादीत नसते, पासपोर्टात असते. यादीत नाव असणे आणि मताधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ नुसार अपात्र व्यक्तीचे नाव यादीत असले तरी तिला मतदान करता येत नाही. कोण अपात्र, ते १९५० च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये सांगितले आहे, आणि त्यातली पहिलीच अपात्रता भारताचा नागरिक नसणे ही आहे.

गोव्यात हा घोळ इतर राज्यांपेक्षा जास्त होतो, आणि त्याला इतिहास आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले लोक, तसेच ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा इथे जन्मले होते तेही, भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना जुने नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना तसे लिहून देण्यासाठी एक महिना होता. इकडे पोर्तुगालचा कायदा मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करू देतो. एक देश दुहेरी नागरिकत्व मानतो, दुसरा मानत नाही. सगळी गुंतागुंत या फटीतून निघते.

आधी आपण कोणत्या रांगेत आहोत ते ठरवा

पोर्तुगीज, ब्रिटिश किंवा इतर कोणताही परदेशी पासपोर्ट हाती आला असेल, तर नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व त्याच वेळी संपले. त्यासाठी कोणी पत्र पाठवण्याची किंवा आदेश काढण्याची गरज नसते. परदेशी पासपोर्ट मिळवणे हाच नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे, असे नागरिकत्व नियमांच्या परिशिष्टात म्हटले आहे. “मी फक्त नोकरीसाठी घेतला, मनाने भारतीयच आहे” हे खरे असले तरी कायद्यापुढे चालत नाही.

भारतीय पासपोर्टवर दुबई, कुवेत किंवा इंग्लंडमध्ये राहात असाल, तर तुम्ही पूर्ण नागरिक आहात आणि मताचा हक्क शाबूत आहे. फक्त नोंदणीची वाट वेगळी आहे. ती पुढे दिली आहे.

ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड. नावात ‘सिटिझन’ शब्द आहे, म्हणून गैरसमज होतो. ते नागरिकत्व नव्हे. कायद्याच्या कलम ७ब मध्ये ओसीआयधारकाला नसलेल्या हक्कांची यादी आहे आणि त्यात मतदार म्हणून नोंदणी स्पष्ट लिहिली आहे. आमदार-खासदार होणे आणि घटनात्मक पदे याच यादीत येतात.

आधार कार्ड, पॅन, घरपट्टीची पावती, वीजबिल, वडिलोपार्जित घर, यांपैकी कशानेही नागरिकत्व सिद्ध होत नाही. आधार तर इथे राहणाऱ्या परदेशी नागरिकालाही मिळते. मुक्त संचाराच्या करारामुळे गोव्यात काम करणारे अनेक नेपाळी लोक वर्षानुवर्षे इथे राहतात, तरी नेपाळी नागरिक म्हणून त्यांना मत नाही.

लिस्बनला जन्मनोंद आहे, पासपोर्ट काढलेला नाही

सगळ्यात नाजूक गट हाच. वडिलांनी किंवा दलालाने कधीतरी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नाव घातले, पण ना पोर्तुगीज ओळखपत्र काढले, ना पासपोर्ट. पोर्तुगालच्या दृष्टीने नोंद झालेला माणूस त्यांचा नागरिक आहे. भारतीय यंत्रणेने गेल्या काही वर्षांत अशी नोंद गंभीरपणे घेतली असून त्या कारणाने गोवेकरांचे भारतीय पासपोर्ट रद्दही झाले आहेत. असे पासपोर्ट रद्द झाल्यावर ओसीआयसाठी लागणारा परित्याग दाखला (भारतीय पासपोर्ट परत करून नागरिकत्व सोडल्याचा कागद) मिळेना, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये त्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला चालेल अशी सोय केंद्राने केली.

मतदार यादीच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतले की नाही, या वादाचा निकाल नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) नुसार केंद्र सरकार देते. शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून तेवढ्यावर नाव खोडता येत नाही. यादीत आधीपासून असलेले नाव काढण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची खरी संधी द्यावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. दिलेल्या तारखेला हजर राहा, हाती असलेले कागद घेऊन जा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

पण मतदार नोंदणीच्या फॉर्मवर “मी भारताचा नागरिक आहे” या ओळीखाली सही करण्याआधी लिस्बनला आपली नोंद नेमकी काय आहे ते घरात विचारून, कागद काढून पाहा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ नुसार खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पासपोर्टच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवणाऱ्याला किमान एक ते कमाल पाच वर्षे कैद आणि १०,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. दोन्ही दगडांवर पाय ठेवून वर्षे काढणे हा या प्रकरणातला सर्वांत वाईट मार्ग आहे. एक वाट निवडा आणि तिचे कागद पूर्ण करा. नोंद झाली आहे पण पुढे काहीच केलेले नाही, अशा वेळी नागरिकत्वाची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका. पासपोर्ट काढून देणाऱ्या एजंटचा सल्ला या कामी पुरेसा नाही.

नाव स्वतःहून काढून घेणे

परदेशी पासपोर्ट घेतला असेल तर यादीतले नाव काढून घेणे ही तुमची जबाबदारी माना. त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार तुमच्या नावावर हरकत घेऊ शकतो, आणि पंचायत निवडणुकीत दोन-पाच मतांवर जागा ठरतात तिथे ती घेतली जातेच. मग गावभर चर्चा, नोटीस, सुनावणी हे सगळे मागे लागते. स्वतः अर्ज केला तर काम शांतपणे उरकते.

१. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर नाव शोधा. मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून घ्या. स्पेलिंगमुळे नाव सापडत नसेल तर ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधा. गोव्यात एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगे असतात.

२. फॉर्म ७ भरा. त्यात नाव काढण्याची कारणे दिलेली असतात: मृत्यू, वय कमी, गैरहजर किंवा कायमचे स्थलांतर, आधीच नोंद, भारताचा नागरिक नाही. शेवटचे निवडा. बरेच जण लाजेखातर ‘स्थलांतर’ लिहितात. तसे लिहिल्यास नाव निघते, पण नागरिकत्वाचा मुद्दा नोंदीवर येत नाही आणि उद्या ओसीआय किंवा मालमत्तेच्या कामात तारखा जुळवताना तेच आडवे येते.

३. परदेशी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. परित्याग दाखला असेल तर तोही जोडा. मतदार ओळखपत्र परत करा आणि पोच घ्या.

४. फॉर्म ऑनलाइन, बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देता येतो. हरकतींसाठी सात दिवसांची मुदत संपल्यावरच निर्णय होतो. त्यामुळे त्याच दिवशी काम होईल अशी अपेक्षा नको.

५. महिन्याभराने यादी पुन्हा तपासा. नाव तसेच असेल तर अर्जाचा संदर्भ क्रमांक दाखवून विचारा. १९५० या क्रमांकावर फोन करता येतो.

चुकीने नाव निघाले तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथल्या निकालावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. ही मुदत हुकली तर सारे नव्याने सुरू करावे लागू शकते. म्हणून आदेशाची प्रत कोणत्या दिवशी हाती आली, ते त्या कागदावरच लिहून ठेवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या, घरोघर फॉर्म भरून घेऊन मतदार याद्या तपासणाऱ्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गोवाही होता. परदेशी असलेल्या लेकाच्या वतीने आईवडिलांनी फॉर्म भरताना पासपोर्ट कोणता, हे विचारायचे बऱ्याच घरांत राहून जाते. घरातल्या प्रत्येक परदेशी माणसाला फोन करून हे एकदा विचाराच.

भारतीय पासपोर्टवर परदेशात: फॉर्म ६ए

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २०अ फेब्रुवारी २०११ पासून लागू झाले. त्यामुळे नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणाने परदेशात राहणाऱ्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टावरच्या भारतातल्या पत्त्यावर मतदार होता येते. वय १८ पूर्ण हवे. त्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षाकाठी चार पात्रता तारखा आहेत.

फॉर्म ६ए सोबत फोटो आणि पासपोर्टच्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती लागतात: फोटोचे पान, भारतातल्या पत्त्याचे पान आणि चालू व्हिसाचे पान. आखातात नूतनीकरण करताना कित्येकांच्या पासपोर्टवर तिथलाच पत्ता पडतो आणि गोव्याचा पत्ता जातो. मग डिचोलीतले घर कितीही जुने असले तरी अर्ज अडकतो. नूतनीकरणाच्या वेळीच भारतातला पत्ता नीट घालून घ्या, घर क्रमांक आणि वाड्यासकट. वाडा नसला तर बीएलओ भलत्याच दारात जातो.

अर्जानंतर बीएलओ पासपोर्टावरच्या पत्त्यावर येऊन घरच्यांकडे चौकशी करतो. घर बंद असेल किंवा कोणी लिहून द्यायला तयार नसेल तर कागद संबंधित देशातल्या भारतीय दूतावासाकडे तपासणीला जातात आणि वेळ जातो. आईला, भावाला आधीच सांगून ठेवा की अमुक माणूस येईल. जुने मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावे लागते, कारण परदेशस्थ मतदाराला ओळखपत्र मिळत नाही. तुमचे नाव त्या मतदान केंद्राच्या यादीच्या शेवटी वेगळ्या भागात येते. ते सापडले नाही म्हणून नाव गेले असे समजू नका, शेवटची पाने पाहा.

मतदानाला स्वतः यावे लागते आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. टपाली मत नाही, प्रतिनिधीमार्फत मतही नाही. प्रतिनिधीची सोय करणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते, पण ते पुढे गेलेच नाही. माझ्या मते हा मोठा अन्याय आहे. आखातात राबणाऱ्या माणसाने एका मतासाठी विमानाचे तिकीट काढायचे? तरी नोंदणी करून ठेवावी, कारण निवडणूक आणि सुट्टी कधी ना कधी जुळते. नोंदणीचा अर्ज उमेदवारी भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोचायला हवा, त्यानंतर यादी त्या निवडणुकीपुरती गोठते. कायमचे परतलात की मतदार नोंदणी अधिकाऱ्याला कळवून सामान्य मतदार म्हणून फॉर्म ६ भरा.

तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. सहा-आठ महिने बोटीवर आणि मग घरी, अशा माणसाला फॉर्म ६ए ची गरज नाही. तात्पुरत्या गैरहजेरीने ‘सामान्य रहिवासी’ हे स्थान जात नाही, असे कलम २० मध्येच म्हटले आहे. नाव गैरहजर म्हणून काढण्याची नोटीस आली तर सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक), करारपत्र आणि येण्याजाण्याच्या तारखा दाखवा.

ओसीआय आणि परदेशी रहिवाशांना काय करता येते

ग्रामसभेची व्याख्याच पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीतील व्यक्ती अशी आहे. म्हणजे ओसीआयधारक वाड्यात मोठा झाला, घरपट्टी भरतो, तरी ग्रामसभेचा सदस्य नाही आणि ठरावावर हात वर करू शकत नाही. रविवारच्या ग्रामसभेत यावरून भांडणे होतात. रस्ता, कचरा, बांधकामाबद्दल मालमत्ताधारक म्हणून पंचायतीला लेखी अर्ज देता येतो, त्याची पोच मागता येते. तीच वाट धरा.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. परदेशी नागरिकाकडून, त्यात ओसीआयही आले, उमेदवाराला किंवा पक्षाला देणगी चालत नाही. विदेशी अंशदान कायदा २०१० च्या कलम ३ नुसार घेणाराही अडकतो. भारतीय पासपोर्टवरचा अनिवासी हा परदेशी नव्हे, तो देणगी देऊ शकतो. प्रचारही नको. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमध्ये प्रचारात उतरलेल्या बांगलादेशी अभिनेत्याचा व्हिसा रद्द होऊन त्याला देश सोडावा लागला होता. मोरजी-हरमलमध्ये हिवाळा काढणाऱ्या पाहुण्याने मित्राच्या प्रचाराची टोपी घालून मिरवणुकीत नाचणेही टाळावे.

कर्तव्ये मात्र आहेत. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने, व्हिसावर तशी अट असल्यास, आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर नोंदणी करायची असते. ओसीआयधारकाला ही नोंदणी लागत नाही. खोली भाड्याने देणाऱ्याने परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. एकच खोली भाड्याने देतो म्हणून यातून सूट मिळत नाही.

पोर्तुगालमधले मत

पोर्तुगीज नागरिकाला तिथल्या निवडणुकीत मत आहे आणि ते सक्तीचे नाही. ओळखपत्रावर परदेशातला पत्ता असेल तर २०१८ च्या बदलानंतर मतदार नोंदणी आपोआप होते. संसदेच्या २३० जागांपैकी परदेशस्थांना चार मिळतात: दोन युरोप, दोन युरोपबाहेर. गोव्यात राहणारा युरोपबाहेरच्या मतदारसंघात येतो, इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहणारा युरोपच्या. संसदेसाठी मत टपालाने येते. आधी कळवले तर दूतावासात जाऊनही देता येते. राष्ट्राध्यक्ष आणि युरोपीय संसदेसाठी प्रत्यक्ष जावेच लागते. गोव्यात त्यासाठी पणजीतला वाणिज्य दूतावास आहे.

टपाली मतात होणारी ठरलेली चूक एकच. मतपत्रिका हिरव्या लिफाफ्यात, तो लिफाफा पांढऱ्या लिफाफ्यात, आणि पांढऱ्या लिफाफ्यात ओळखपत्राची प्रत. ती प्रत विसरली की मत बाद. जानेवारी २०२२ मध्ये युरोप मतदारसंघातली दीड लाखाहून जास्त मते याच वादात रद्द झाली आणि घटना न्यायालयाच्या आदेशाने मार्चमध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले. दुसरी अडचण पत्त्याची. ओळखपत्र काढताना एजंटने लिस्बनमधला कोणाचा तरी पत्ता घातला असेल, तर तुम्ही त्या गावचे मतदार ठरता आणि मतपत्रिका गोव्यात येतच नाही.

आणि हेही समजून घ्या: पोर्तुगीज मतदार यादीतले नाव हा पोर्तुगीज नागरिकत्वाचा ढळढळीत पुरावा आहे. तिथे मत देऊन इथे “नुसती जन्मनोंद आहे” असे सांगता येणार नाही.

इंग्लंडमध्ये

स्विंडन, साउथॉल, हेझमधल्या गोवेकरांना बऱ्याचदा ठाऊक नसलेली गोष्ट: वैध परवान्यावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटिश संसदेसह सर्व निवडणुकांत मत आहे, विद्यार्थी व्हिसावर असला तरी. शेजारच्या खोलीतल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला मात्र फक्त स्थानिक निवडणुकांत. ब्रेक्झिटनंतर बहुतेक युरोपीय नागरिकांचे नियम बदलले, पण पोर्तुगालशी २०१९ मध्ये झालेल्या करारामुळे त्याचा हा हक्क टिकला. तिथे नोंदणीसाठी नगर परिषदेचे पत्र येते. त्याला उत्तर न दिल्यास ८० पौंड दंड होऊ शकतो. नोंदणी मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी व्हायला हवी आणि केंद्रावर फोटो ओळखपत्र लागते. पासपोर्ट चालतो. फॉर्मवर राष्ट्रीयत्व नेमके लिहा, कारण त्यावरून कोणती मतपत्रिका मिळेल ते ठरते.

उलट पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला स्थानिक निवडणुकीतही मत नाही. तिथे परस्पर सवलतीचे तत्त्व आहे, आणि भारत कोणत्याही परदेशी नागरिकाला मत देत नाही.

मुलांचे काय

भारतात ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. वडील पोर्तुगीज, आई भारतीय असेल तर इथे जन्मलेले मूल भारतीय असते. मुलाच्या जन्मापूर्वीच दोघांनी पासपोर्ट बदलला असेल तर नाही. म्हणून पालकांच्या पासपोर्टची तारीख आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर मांडून पाहा. पालकाने नागरिकत्व कायद्याच्या कलम ८ खाली रीतसर परित्याग केला असेल, तर अल्पवयीन मुलाचेही नागरिकत्व जाते. पण १८ पूर्ण झाल्यावर एक वर्षाच्या आत परत नागरिक होण्याची घोषणा त्याला करता येते. ही एक वर्षाची खिडकी बहुतेक घरांना माहीतच नसते आणि ती निघून जाते.

पुन्हा मतदार व्हायचे असेल तर

ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ५ खाली नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पूर्वी स्वतः किंवा पालकांपैकी एक जण स्वतंत्र भारताचा नागरिक असलेल्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्यावर वाट आहे. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्याला सात वर्षांचे वास्तव्य लागते. अर्ज ऑनलाइन भरतात आणि पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. परदेशी नागरिकत्व सोडावे लागते, त्यामुळे युरोपातले निवृत्तिवेतन, घर आणि मुलांचे परवाने यांचा हिशेब आधी करा. या काळात परदेशवारीने वास्तव्याची सलगता तुटू नये म्हणून पासपोर्टवरचे शिक्के तपासत राहा. नागरिकत्वाचा दाखला हाती आला की त्याची प्रत जोडून फॉर्म ६ भरा. जुने मतदार ओळखपत्र वापरू नका. ते ज्या नोंदीवर दिले होते ती नोंद आता राहिलेली नाही.